तिसरीची मुलं धडा घडाघडा म्हणतात, पण वाचत नाहीत. वर्गात नेमकं काय करता?

रेघोटी

यंदा माझ्याकडे तिसरी आली. पट ३१. पहिल्या आठवड्यात खूश होते. पुस्तक उघडलं की अख्खा वर्ग एका सुरात धडा म्हणायचा. मग एक दिवस एका मुलाच्या शेजारी जाऊन बसले. त्याचं बोट होतं 'पाऊस'वर आणि तोंडात होतं 'छत्री'. बोट एका ओळीवर, आवाज पुढच्या ओळीवर. धडा पाठ होता, बोट आपलं शोभेला.

दुसऱ्या दिवशी एकेकाला जवळ बोलावलं आणि त्याच धड्यातली एक ओळ शेवटच्या शब्दापासून उलटी वाचायला सांगितली. ३१ पैकी ११ जण तिथेच थांबले. अर्थ सोडा, त्यांना शब्दच ओळखू येईनात.

लिहिण्याचीही तीच तऱ्हा. फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगा, अक्षर मोत्यासारखं. 'काल घरी काय केलंस, दोन ओळी लिही' म्हटलं की पेन्सिलीला टोक काढायला डस्टबिनपाशी ही रांग.

शाळेत सगळे एकच सांगतात, बाराखडी पुन्हा गिरवून घ्या. गेली दोन वर्षं त्यांनी तेच केलंय हो. जादा तास नाही, मदतनीस नाही, वर्गात मी एकटी. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. उपदेश नको, उपाय हवेत.

फटफटी

मी चौथीत 'माझा आवडता प्राणी' हा निबंध पाठ करून गेलो होतो. पेपरात 'माझा आवडता पक्षी' आला. मी लिहिलं, 'पोपट हा माझा आवडता पक्षी आहे. त्याला चार पाय असतात.' दहापैकी सहा मिळाले.

बाकी चालू द्या.

निवृत्त_मास्तर

बाई, राग मानू नका, पण बाराखडी कच्ची असेल तर पुढचं सगळं वाळूवर. छत्तीस वर्षं पहिली-दुसरी सांभाळली. रोज दहा ओळी शुद्धलेखन, रोज एक पान प्रकट वाचन. मुलं वाचायची. आता उपक्रम फार झाले आणि सराव राहिला बाजूला.

गुलबक्षी

मास्तर, सरावाबद्दल वाद नाही. पण सराव कशाचा, ते ठरवायला आधी मूल कुठे अडलंय ते कळायला हवं ना? ११ मुलं म्हणजे एक आजार नव्हे. अकरा जणांना एकच गोळी देऊन कसं चालेल?

रेघोटीताई, मी काय करते ते सांगते. 'प्रथम' या शिक्षणातल्या स्वयंसेवी संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून होते, तिच्यात वाचनाचा एक साधा कागद असतो. अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल ज्या पायरीवर अडखळतं, तिथून त्याला धरायचं. तसाच कागद मी स्वतः बनवते, पुस्तकाबाहेरचा मजकूर घेऊन. मुलामागे तीन मिनिटं लागतात. बाकीचे चित्राखाली शब्द लिहीत बसतात. चार दिवसांत वर्ग होतो.

फक्त अक्षरापाशी अडला की शब्दापाशी, एवढ्यावर थांबू नका. चूक कोणती केली ती शेजारी लिहून ठेवा. 'मिरची'ला 'मरच' म्हणाला? त्याला अक्षरं येतात, स्वरचिन्हं नाहीत. 'पुस्तक'ला 'पुसतक' म्हणाला? जोडाक्षर. 'घर'ला 'घोडा' म्हणाला? पहिलं अक्षर पाहून ठोकून दिलं. तिघांचं औषध वेगळं.

आणि तुमच्या वर्गाचं काही जगावेगळं नाही. २०२४ च्या 'असर'मध्ये ग्रामीण भारतातली तिसरीची जेमतेम २७ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली होती. तुमची ३१ पैकी २० उलट्या ओळीतही टिकली. बरीच बरी स्थिती म्हणायची.

टिंबटिंब

मी शिक्षक नाही, पालक आहे. मुलगी दुसरीत. 'क' येतो, 'ि' येते, पण 'किती' दिसलं की गोंधळ. लिहिताना कधी वेलांटी पुढच्या अक्षरावर चढवते. डोळे तपासले, ठीक आहेत. हे काय असतं?

वाटाड्या

टिंबटिंब, डोळ्यांचा दोष नाही, लिपीचीच गंमत आहे. 'कि' म्हणताना आधी क् येतो, मग इ. लिहिताना मात्र पहिली वेलांटी डावीकडे, म्हणजे आधी. मूल डावीकडून उजवीकडे जातंय, त्याला इ आधी भेटते. 'अस्थिर'मध्ये तर वेलांटी अख्ख्या जोडाक्षराच्या अलीकडे जाऊन बसते. काना उजवीकडे, मात्रा वर, उकार खाली. एका व्यंजनाच्या चारी बाजूंना स्वर. मोठ्यांना सवयीने दिसत नाही.

त्यात र हा बहुरूपी. 'क्रम'मध्ये पायाशी, 'अर्क'मध्ये डोक्यावर, 'ट्रक'मध्ये छत्रीसारखा, 'दऱ्या'मध्ये आणखी वेगळा. रफाराचा, म्हणजे डोक्यावरच्या र चा, उच्चार ज्या अक्षरावर तो बसतो त्याच्या आधी होतो, हे मुलाला कुणीतरी एकदा नीट सांगावं लागतं. आपण सांगत नाही, 'सवयीने येईल' म्हणतो.

आणखी एक. 'करवत' हा काना-मात्रा नसलेला 'सोपा' शब्द समजतात. मूल वाचतं क, र, व, त. चारही बरोबर. पण आपण बोलतो 'कर्-वत्'. कुठला अ उच्चारायचा आणि कुठला गिळायचा, हे पानावर लिहिलेलं नसतं. म्हणून सुटी अक्षरं येणाऱ्या मुलाला शब्द जमत नाही. तिथे 'कर' आणि 'वत' असे दोन तुकडे बोटाने झाकून दाखवायचे, मग एकत्र. पाच-सहा दिवसांत फरक दिसतो.

अबोली

वाटाड्या, +१. याच्याच जोडीला 'क ला काना का, म ला काना मा' हे प्रकरण. मूल 'कामगार' वाचताना 'क ला काना का, म, ग ला काना गा, र' एवढं म्हणेपर्यंत सुरुवातीचा 'का' विसरून गेलेलं असतं. चिन्हाचं नाव लिहिताना उपयोगी पडेल, वाचताना ते ओझं आहे. मी वर्गात त्यावर बंदीच घातली आहे. सरळ 'का' म्हणायचं.

निवृत्त_मास्तर

'क ला काना का' म्हणत आमच्या हाताखालून दोन पिढ्या गेल्या.

फटफटी

आणि त्यातलाच एक मी. पोपटाला चार पाय. (गंमत करतोय, दिवे घ्या, मास्तर.)

निवृत्त_मास्तर

घेतले. बरं, वादासाठी वाद नको, माझ्याकडचं एक देतो. क ख ग घ या क्रमाने आम्हीही शिकवत नव्हतो. ग म भ न अशी सुरुवात करायचो, कारण हाताला वळण सारखं. त्यात लिहिण्याची सोय होती. पुढे कळलं की वाचण्याची सोयही बघावी लागते. सगळी अक्षरं संपेपर्यंत शब्द द्यायचाच नाही, ही चूक मी पहिली काही वर्षं केली. मुलं चार-पाच महिने नुसती अक्षरं म्हणायची आणि कंटाळायची. मग तीन-चार अक्षरं झाली की लगेच काना देऊ लागलो. क, न, ल आणि काना, एवढ्यावर किती होतं बघा. कान, नाक, लाल, काल, काका, नाला, नकला. आणि पहिलं आख्खं वाक्य: 'काका, नाक लाल का?' वर्ग हसून लोटपोट व्हायचा. स्वतःच्या बळावर वाचलेल्या वाक्यावर हसू येणं, ही गोष्ट वेगळीच.

गुलबक्षी

मास्तर!! हे आधी का नाही सांगितलंत? वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

फटफटी

काका, नाक लाल का? हीच आजपासून माझी सही.

नाममात्र

मला तांत्रिक बाजू थोडी सांगावीशी वाटते. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं. वाचन म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य तर उत्तर शून्य. रेघोटीताईंची अकरा मुलं बोलतात उत्तम, समजतं त्यांना सगळं, उलगडणं कच्चं आहे. पण वीसमध्येही काही निघतील जी खडाखडा वाचतात आणि 'काय वाचलंस?' विचारलं की शून्यात बघतात. ती गप्प असतात म्हणून सापडत नाहीत. त्यांनाही एकदा तपासा.

पोपटपंची

इथे सगळे वाचनावरच घसरलेत. लेखनाचं काय? हल्ली 'मुलांना मोकळं लिहू द्या, चुका काढू नका' अशी फॅशन आहे. एकदा चुकीचं वळण लागलं की जन्मभर जात नाही. आमच्या वेळी चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लागायचा. पारंपारिक पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे.

टिंबटिंब

पारंपरिक.

दहा वेळा लिहा. (पळतेय.)

फटफटी

हा धागा इथेच जिंकला. काका, नाक लाल का?

अबोली

हसून झालं असेल तर पोपटपंचींच्या मुद्द्याला उत्तर देते, कारण मुद्दा खरा आहे.

माझ्या दुसरीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, 'मि शाळत गलो माजि चपल एकच सपडलि.' लाल पेन घेऊन बसलं तर कागद रक्तबंबाळ होईल. जरा शांतपणे बघा. व्यंजनं जवळजवळ सगळी जागेवर आहेत. 'शाळत', 'गलो'. एकाराची मात्रा दोन्ही वेळा गळली, म्हणजे तिला मात्रा ऐकू येत नाही किंवा चिन्ह आठवत नाही. 'माजि'त झ चा ज, कारण ती बोलते तसं. 'चपल'मध्ये जोडाक्षर टाळलं. शेवटची वेलांटी सगळीकडे ऱ्हस्व, कारण तिला एकच वेलांटी ठाऊक आहे. आणि मुलगी असून 'गेले'ऐवजी 'गेलो'? घरी मोठा भाऊ तसं बोलतो, म्हणून तीही. म्हणजे एका ओळीत पुढच्या दीड महिन्याचं माझं नियोजन झालं.

मी त्या आठवड्यात फक्त एकाराची मात्रा घेतली. तिची वही दुरुस्त केली नाही. तिचं वाक्य फळ्यावर नीट लिहिलं आणि तिलाच म्हटलं, 'तुझ्यात आणि माझ्यात काय वेगळं आहे, शोध.' तिने दोन्ही मात्रा शोधल्या. बाकीचं राहू दिलं. सगळ्या चुका एकदम दाखवल्या की मूल सोप्यातला सोपा मार्ग पकडतं. कमी लिहितं. 'मला आई आवडते. मला बाबा आवडतात. मला शाळा आवडते.' एकही चूक नाही, एकही गोष्ट नाही.

पण हो, चूक कधीच दाखवायची नाही असं मी म्हणत नाही. तिसरी-चौथीला नियम द्यायला हरकत नाही, तो वापरता आला पाहिजे एवढंच. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांतलं हे मुलांना पटकन कळतं: मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी-उकार आला तर दीर्घ. 'पाटी', 'लाडू', 'वही'. आणि 'फूल' दीर्घ, पण 'फुलाला' ऱ्हस्व. 'गरीब' दीर्घ, 'गरिबाला' ऱ्हस्व. मुलं शब्दाला 'ला' लावून बघण्याचा खेळ करतात. दहा वेळा लिहिण्यापेक्षा हे टिकतं.

पोपटपंची

'पारंपरिक' मान्य. टायपिंगची चूक.

मात्रांचं पटलं. पण एक शंका. फळ्यावर रोज कुणाकुणाचं वाक्य घेणार? तीस मुलं आहेत.

अबोली

रोज दोघांचं. मूल बोलतं, मी तेच शब्द लिहिते. मग वर्ग ते वाचतो, वाचणं सोपं जातं कारण काय लिहिलंय ते माहीत असतं. पण लगेच पुसून त्यातले शब्द इकडेतिकडे करून पुन्हा द्यायचे, नाहीतर रेघोटीताईंच्या धड्यासारखं तेही पाठच होतं. मग शब्दडोंगर:

सापडली.
चप्पल सापडली.
एकच चप्पल सापडली.
माझी एकच चप्पल सापडली.
पलंगाखाली माझी एकच चप्पल सापडली.

हा डोंगर मुलं वहीत स्वतः चढवतात. ज्याला दोन ओळी जमतात तो दोन करतो, ज्याला सात तो सात. दोन ओळी 'स्वतःच्या मनाने' लिहायला सांगितल्यावर टोकयंत्राकडे पळणारी पोरं यात अडकतात, कारण रिकाम्या पानाची भीती नसते. एक शब्द आधीच हातात असतो.

सुईदोरा

थोडं अवांतर. माझ्या वर्गात बरीच मुलं 'पाणी'ला 'पानी' वाचतात. छापलंय ण, वाचतात न. वरिष्ठ आले की म्हणतात, चुकीचं वाचन. मी काय करू?

वाटाड्या

सुईदोरा, अवांतर कसलं, हा कळीचा प्रश्न आहे. मुलाने छापील शब्द ओळखला आणि आपल्या बोलीत म्हटला. म्हणजे अर्थ लागला. 'पाणी'ला 'पान' म्हणाला असता तर वाचनाची चूक. त्याला लिहायला सांगा. लिहिताना ण लिहिला तर प्रश्न मिटला. नाही लिहिला तर 'घरी पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितो' असे दोन रकाने भिंतीवर लावा. मुलं स्वतःच भर घालतात. बोलीला चूक म्हटलं की मूल तोंड मिटतं, आणि तोंड मिटलेल्या मुलाला वाचायला कसं शिकवणार?

निवृत्त_मास्तर

हे मी उशिरा शिकलो. जाऊ द्या.

तासिका_आठवी

वेगाचं कुणी बोललंच नाही. २०२१ ला केंद्र सरकारचं निपुण भारत हे वाचन-गणिताचं अभियान आलं तेव्हापासून आमच्याकडे घड्याळ लावून वाचन. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीला किमान ६०. मुलं आता शर्यत लावतात. पूर्णविराम तर दिसतच नाही त्यांना. श्वास संपला की थांबतात.

नाममात्र

वेगाला अर्थ आहे, त्याची शर्यत करण्याला नाही. एकेक अक्षर जुळवत गेलं तर ओळीच्या शेवटी सुरुवात विसरते, म्हणून ठरावीक गती लागते. पण ती मोजायची नव्या मजकुरावर, मुलाला एकटं घेऊन, आणि वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारून. उत्तर आलं नाही तर तो आकडा लिहूच नये. मी तर वर्गात घड्याळ काढतच नाही. एकच छोटा परिच्छेद तीन दिवस जोडीने वाचायला देतो. पहिल्या दिवशी अडखळत, दुसऱ्या दिवशी बरं, तिसऱ्या दिवशी 'जणू तू बोलतोयस असं वाच'. गती आपोआप येते.

रेघोटी

सगळ्यांची आभारी. वेळ लागला, कारण बोलण्याआधी करून बघायचं होतं. तीन आठवडे झाले.

गुलबक्षींसारखा कागद केला. अकरा जणांत तीन अक्षरांवरच अडलेले, पाच स्वरचिन्हांवर, तीन जणांना सगळं येतं पण फार सावकाश. नाममात्र, तुमचंही खरं निघालं. वीसपैकी चौघं खडखडीत वाचतात आणि गोष्टीत काय झालं ते सांगू शकत नाहीत. त्यांतली एक तर वर्गाची मॉनिटर. तिलाच मी सगळ्यांना वाचून दाखवायला उभी करायचे.

आता दुपारच्या सुट्टीनंतरची पहिली ४० मिनिटं गट. सामूहिक धडा म्हणणं बंद, त्याऐवजी जोडीवाचन. पहिला आठवडा निव्वळ गोंधळ. मी एका गटाशी बसले की उरलेले तीन गट बाजार. दुसऱ्या आठवड्यात शहाणी झाले आणि बाकीच्यांना शब्दडोंगर दिला. त्यात ते गुंततात. स्वरचिन्हांच्या गटातले पाचही 'क ला काना' सोडून थेट वाचू लागलेत, दोघं तर आता छोटा परिच्छेद ओढतात. सावकाश वाचणारे तिघं तिसऱ्या दिवसाच्या वाचनाला स्वतः हात वर करतात.

अक्षरगटातले तिघं मात्र जिथल्या तिथे. घ-ध आणि भ-म यांत रोज घसरतात. आज बरोबर, उद्या उलट. 'धर'ला 'घर', 'भात'ला 'मात'. यावर काही आहे का?

निवृत्त_मास्तर

आहे. पहिलं म्हणजे जोडीतली दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी ठेवून 'फरक ओळखा' करू नका. त्याने गोंधळ पक्का होतो. आधी घ एकटा, तो झोपेत ओळखेपर्यंत. ध ला दोन आठवड्यांनी हात लावा.

आणि डोक्यावरची रेघ दाखवा. घ ची शिरोरेषा सलग, ध ची डावीकडे तुटलेली. मी सांगायचो, घराला पूर्ण छप्पर हवं, म्हणून घ. आणि धूर बाहेर जायला छपरात जागा हवी, म्हणून ध. तसंच म चं छप्पर धड आणि भ च्या छपराला भोक. भ, भोकाचा. बोटाने हवेत काढून घ्यायचं, छप्पर घालताना तोंडाने म्हणायचं. पाटीवर नंतर.

टिंबटिंब

'भ, भोकाचा' माझ्या मुलीने आत्ताच शेजारी बसून ऐकलं. आता ती घरातले सगळे भ शोधत फिरतेय.

रेघोटी

मास्तर, उद्यापासूनच.

एक राहिलं. 'काका, नाक लाल का?' मी अक्षरगटाला पहिल्याच दिवशी दिलं होतं. परवा मला सर्दी झाली होती, वर्गात सारखी शिंकत होते. त्या तिघांतला एक, ज्याने या वर्षात स्वतःहून एक शब्द लिहिला नव्हता, तो पाटी घेऊन टेबलापाशी आला. पाटीवर होतं, 'बाइ नाक लाल का'.

पोपटपंची

'बाई' दीर्घ. प्रश्नचिन्ह राहिलं.

काय म्हणालात त्याला?

रेघोटी

'हो, लाल आहे' असं खाली लिहून दिलं. त्याने वाचलं आणि जागेवर जाऊन बसला. पाटी अजून पुसू देत नाहीये.